सांध्यांची परीक्षा : पदविका प्रमाणपत्रावरील नावांसाठी हस्ताक्षरी फॉन्ट वापरल्याचे एक प्रकरण

एका संगीत शिक्षणसंस्थेच्या पदविका प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचे नाव पूर्वीपासून हाताने लिहिले जात असे. बाकीचा मजकूर छापील असे, मधोमध एक ओळ रिकामी सोडलेली असे, आणि त्या ओळीवर एक ज्येष्ठ सुलेखनकार टाक दौतीत बुडवून, उजवीकडे झुकलेल्या वळणदार रोमन अक्षरांत एकेक नाव लिहून काढत. वयोमानाने हात कापू लागल्यावर त्यांनी स्वतःच हे काम थांबवण्याची इच्छा व्यक्त केली, आणि प्रमाणपत्राची नवी मांडणी करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मागणी एका वाक्याची होती : नावे यापुढे छापली जावीत, पण ती लिहिल्यासारखी दिसावीत. नावे सुमारे दीडशे होती, ती अनेक भाषांतली होती, आणि हाताशी सहा आठवडे होते.

या कामाचे पहिले प्रूफ पूर्णपणे फसले. दोष फॉन्टचा नव्हता आणि छापखान्याचाही नव्हता. दोष माझ्या समजुतीत होता. असा फॉन्ट निवडताना आपण नमुन्याचा एखादा शब्द पाहतो, त्यातले पहिले लफ्फेदार अक्षर डोळ्यांत भरते आणि निवड होऊन जाते. पण नमुन्याचा तो शब्द फॉन्ट घडवणाऱ्याने स्वतः पारखून घेतलेला असतो. आपल्याला छापायची असलेली नावे त्याने कधी पाहिलेली नसतात, आणि या जातीच्या अक्षराची परीक्षा होते ती दोन अक्षरांच्या सांध्यात. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. कामाच्या मांडणीत मात्र ते उतरले नव्हते.

वळण कुठून आले

ते सुलेखनकार लिहीत असलेले वळण राउंडहँड या नावाने ओळखले जाते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमधील लेखनशिक्षकांनी ते घडवले. त्यांचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात, म्हणून पुढे त्याला कॉपरप्लेट हेही नाव पडले. जॉर्ज बिकहॅम यांनी अशा अनेक शिक्षकांचे नमुने कोरून १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केले, आणि या वळणाचे फॉन्ट घडवणारे लोक आजही त्या पानांकडे वळतात.

देवनागरी बोरूने लिहिताना रेघेचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरप्या कापातून आणि तो धरण्याच्या कोनातून येतो. राउंडहँडमध्ये तो हाताच्या दाबातून येतो. लवचीक, टोकदार टाक खाली ओढताना दाबला की त्याची दोन पाती फाकतात आणि रेघ फुगते. वर जाताना दाब सोडला की पाती मिटतात आणि केसासारखी रेघ उरते. सगळ्या अक्षरांना बेसलाइनशी, म्हणजे अक्षरे जिच्यावर उभी राहतात त्या रेघेशी, सुमारे ५५ अंशांचा एकच झोक असतो. देवनागरीतली अक्षरे शिरोरेषेने वरून बांधलेली असतात; इथे बहुतेक अक्षरे बेसलाइनवरून उठणाऱ्या त्या केसासारख्या रेघेने पुढच्या अक्षराला धरतात. ही रेघ जराशी चुकली, तुटली किंवा दोन्ही टोकांना तिची जाडी जुळली नाही, तर शब्द उसवल्यासारखा दिसतो.

छपाईला हे वळण साधायला फार काळ लागला, आणि त्यामागचे कारण आजच्या कामातही उपयोगी पडते. धातूचा खिळा म्हणजे चौकोनी ठोकळा. त्यावर तिरपे अक्षर बसवले की त्याचा माथा ठोकळ्याबाहेर लोंबतो आणि दाबाखाली तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो यांनी तिरप्या अंगाचे खिळे पाडून त्यावर मार्ग काढला. १९५३ मध्ये रॉजे एक्स्कोफाँ यांनी मिस्त्राल या फॉन्टमध्ये धातूच्या सुट्या खिळ्यांतूनही सलग धावणारे, सैल हाताचे अक्षर साधून दाखवले. त्यानंतर फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर अक्षरे उमटवण्याची पद्धत, आले, खिळ्याच्या ठोकळ्याची अडचणच संपली, आणि त्याचा लाभ घेऊन मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनशिक्षकाच्या अक्षरावरून स्नेल राउंडहँड हा फॉन्ट केला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी ओपनटाइप ही फॉन्टच्या फाइलची नवी पद्धत जाहीर केल्यावर एकाच अक्षराची अनेक रूपे फॉन्टच्या पोटात ठेवण्याची आणि शेजारचे अक्षर पाहून योग्य ते रूप आपोआप बसवण्याची सोय झाली. माझ्या प्रकरणाचा अर्धा गुंता याच सोयीभोवती आहे.

निवड

संस्थेसमोर मी तीन वळणे ठेवली होती. पहिले ब्रशच्या हाताचे, जाड आणि मोकळे होते. पोस्टरवर किंवा वेष्टनावर ते छान बोलते, पण प्रमाणपत्राच्या शांत मजकुरात ते मोठ्याने हाक मारल्यासारखे वाटत होते. दुसरे इटलीच्या सोळाव्या शतकातील चान्सरी वळणाचे होते. त्यात अक्षरे बरीचशी सुटी राहतात, रुंद टोकाच्या लेखणीमुळे बारीक रेघही फार बारीक होत नाही, आणि वाचायला ते तिन्हींत सर्वांत सोपे होते. केवळ वाचनीयतेचा विचार असता तर मी त्याचाच आग्रह धरला असता. परंतु संस्थेचे जुने विद्यार्थी जगभर विखुरलेले आहेत, त्यांच्या भिंतींवर राउंडहँडमधली नावे लावलेली आहेत, आणि नव्या विद्यार्थ्याला त्याच रांगेत बसल्यासारखे वाटावे ही संस्थेची इच्छा मला योग्य वाटली. म्हणून तिसरे वळण, म्हणजे राउंडहँड, ठरले.

त्या वळणाचे चार-पाच फॉन्ट तपासून त्यांतला एक घेतला. त्याचा परवाना छपाईला आणि पीडीएफमध्ये फॉन्ट गुंफायला पुरेसा होता. त्यात कॅपिटल अक्षरांची प्रत्येकी किमान दोन रूपे होती, एक साधे आणि एक लफ्फेदार. युरोपीय भाषांतील, अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी येणारी बहुतेक चिन्हेही होती. इथवर सगळे रीतसर झाले.

पहिले प्रूफ

नावांची यादी एक्सेलमध्ये आली आणि ती सगळी कॅपिटल अक्षरांत होती. मी डेटा मर्ज करून, म्हणजे यादीतले एकेक नाव एकेका पानावर आपोआप बसवून, दीडशे पानांची फाइल तयार केली, त्यातली दहा पाने प्रत्यक्षातल्या कागदावर छापून घेतली आणि टेबलावर पसरली. एकही नाव वाचता येत नव्हते. या वळणातले कॅपिटल अक्षर शब्दाच्या आरंभी, डावीकडे मोकळी जागा आहे असे धरून काढलेले असते. त्याचा लफ्फा त्या जागेत फिरून मग अक्षराच्या अंगात शिरतो. अशी आठ कॅपिटल अक्षरे एकाशेजारी एक उभी केली की प्रत्येकाचा लफ्फा आधीच्याच्या पोटात शिरतो, आणि एकही अक्षर पुढच्याला जोडले जात नाही, कारण कॅपिटलला कॅपिटल जोडण्याची सोय या वळणात मुळातच नाही. ज्या फॉन्टमध्ये नाव छापायचे, त्याच फॉन्टमध्ये यादीचे पहिले पान मी आधी उघडून पाहिले असते, तर हे कागदावर उतरलेच नसते.

कॅपिटलची स्मॉल अक्षरे करणे हे एका आज्ञेचे काम आहे, आणि तिथेही मी थोडा घाईत होतो. काही आडनावांत मधेच कॅपिटल अक्षर येते, काही आडनावांतला पहिला छोटा शब्द स्मॉल अक्षराने सुरू होतो, काहींत ॲपॉस्ट्रॉफी असते, आणि अडचण अशी की एकच आडनाव दोन घराण्यांत दोन रीतींनी लिहिले जाते. ही गोष्ट यंत्राला कळण्यासारखी नाही आणि मलाही तिचा अंदाज बांधण्याचा अधिकार नाही. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे नाव साध्या अक्षरांत पाठवून, तो स्वतः जसे लिहितो तसे परत मागवले. त्यात आठ दिवस गेले. संपूर्ण कामात याहून सत्कारणी लागलेले आठ दिवस दुसरे नाहीत.

सुधारलेल्या यादीचे दुसरे प्रूफ घेऊन मी त्या ज्येष्ठ सुलेखनकारांकडे गेलो. त्यांनी कागद तिरपा धरून उजेडात पाहिला, मग भिंग घेतले, आणि म्हणाले, “हे लिहिलेलं नाहीये. एकेक अक्षर आणून शेजारी चिकटवलंय.” मला राग आला नाही, कारण ते काय पाहत आहेत हे मला दिसत नव्हते आणि ते मला शिकायचे होते. त्यांनी पेन्सिलीचे टोक एका नावातल्या स्मॉल ‘ओ’वर ठेवले.

‘ओ’ची गोष्ट

बहुतेक स्मॉल अक्षरे बेसलाइनवर संपतात आणि तिथून निघालेली रेघ वर चढत पुढच्या अक्षराला मिळते. ‘ओ’, ‘बी’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही चार अक्षरे मात्र वरच्या बाजूला संपतात. त्यांची सुटणारी रेघ अक्षराच्या माथ्याजवळून, जराशी झोळ खात आडवी जाते. पुढे ‘एन’ किंवा ‘एम’ असले तर फारसे बिघडत नाही. पुढे ‘ई’, ‘आर’ किंवा ‘एस’ आले की अडचण येते, कारण त्यांची सुरुवात खालून चढत येणारी रेघ गृहीत धरून काढलेली असते. हाताने लिहिणारा माणूस इथे काही विचार करत नाही. त्याचा हात ‘ओ’च्या माथ्यावरून थेट ‘आर’च्या खांद्यावर उतरतो, आणि ‘आर’चे रूप त्या क्षणापुरते बदलते. फॉन्टला हे सांगून ठेवावे लागते. चांगल्या फॉन्टमध्ये ‘ओ’नंतर येणारा ‘आर’ वेगळा काढलेला असतो, आणि शेजार ओळखून तो आपोआप बसतो. ओपनटाइपच्या या सोयीला कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स म्हणतात.

मी घेतलेल्या फॉन्टमध्ये ही सगळी रूपे होती. माझ्या मांडणीच्या स्टाइलमध्ये, म्हणजे अक्षरांसाठी ठरवून ठेवलेल्या सूचनांत, लिगेचर (दोन अक्षरे मिळून काढलेले एकच रूप) चालू होते आणि कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स बंद होते. जुन्या एका कामाची स्टाइल उचलून वापरल्यामुळे ते तसेच राहिले होते. परिणामी ‘ओ’ची आडवी रेघ हवेत संपत होती, ‘आर’ची सुरुवातीची रेघ तिच्या खालून तिला छेदून वर येत होती, आणि दोन्हींमध्ये डोळ्याला टोचणारा एक छोटा त्रिकोण उरत होता. दीडशेपैकी निम्म्याहून अधिक नावांत असा किमान एक सांधा होता.

दुसरा दोषही त्यांनीच दाखवला. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट होती. प्रमाणपत्राच्या शीर्षकाची कॅपिटल अक्षरे मी थोडी विरळ लावली होती, नावाची स्टाइल त्या शीर्षकाच्या स्टाइलवरून काढली होती, आणि तिच्यातले २० एककांचे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सरसकट वाढवलेले अंतर, नावातही उतरले होते. सुट्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये एवढ्या अंतराने शब्द जरा मोकळा दिसतो, इतकेच. एकमेकांना जोडलेल्या अक्षरांच्या वळणात मात्र प्रत्येक अक्षराची सुटणारी रेघ पुढच्याच्या अंगात नेमकी जिथे बुडायची असते तिथे ती बुडत नाही. पडद्यावर पूर्ण पान पाहताना ही फट दिसत नाही, छापल्यावर दिसते. या जातीच्या फॉन्टला ट्रॅकिंग शून्यच ठेवावे लागते, आणि ओळ दोन्ही समासांपर्यंत ताणून बसवणारी जस्टिफाय मांडणीही टाळावी लागते, कारण काही रचनांत तीही अक्षरांमधले अंतर गुपचूप बदलते.

ट्रॅकिंग शून्यावर आणले आणि कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स चालू केले. फॉन्ट तोच, नावे तीच, कागदही तोच. पण पुढचे प्रूफ पाहताना ते सुलेखनकार एका नावावर थांबून स्वतःशीच बोट हलवत ते गिरवू लागले. अक्षर गिरवावेसे वाटणे हीच या वळणाची कसोटी असे मी तेव्हापासून मानतो.

आकार, कागद आणि शाई

राउंडहँडमध्ये स्मॉल अक्षरांचे अंग छोटे आणि वर-खाली जाणारे दांडे लांब असतात. म्हणून ३६ पॉइंटचे नाव शेजारच्या साध्या फॉन्टमधल्या त्याच्या जवळपास निम्म्या आकाराच्या मजकुराएवढेच वाटते. मी नावाच्या फ्रेमला, मजकूर मावला नाही तर आकार कमी करण्याची मुभा दिली होती. त्यामुळे लांब नावे आपोआप २४ पॉइंटपर्यंत उतरली, आणि ज्यांचे नाव लांब त्यांचे अक्षर इतरांहून फिके दिसू लागले. अक्षर लहान झाले की जाड रेघ सावरते, बारीक रेघ मात्र मरते. शिवाय एकाच समारंभात हाती येणाऱ्या दोन प्रमाणपत्रांपैकी एकावर नाव ठसठशीत आणि दुसऱ्यावर पुसट असावे, हे मला न्यायाचे वाटेना. आकार ३६ वर कायम केला आणि लांब नावे दोन ओळींत घेतली. ओळींमधले अंतर मात्र भरपूर सोडावे लागले, नाहीतर वरच्या ओळीतल्या ‘जी’ आणि ‘वाय’च्या शेपट्या खालच्या ओळीतल्या ‘एल’ आणि ‘एच’च्या माथ्यांत अडकत होत्या.

कागद बदलावा लागला. आधी निवडलेला कागद खरखरीत पोताचा होता. हाताला तो उत्तम लागत असे आणि टाकाची ओली शाई त्याच्या खळग्यांत उतरतही असे, पण डिजिटल छपाईचा टोनर खळग्यात नीट बसत नाही आणि बारीक रेघ तिथे तुटते. गुळगुळीत, चमक नसलेला कागद घेतल्यावर रेघ सलग आली. नावाचा रंग मी सुरुवातीला गडद करडा ठेवला होता. काळ्याचा फिका टिंट म्हणून छापलेला करडा रंग ठिपक्यांनी तयार होतो, आणि रेघच ठिपक्यांएवढी बारीक असली की तिची माळ होते. म्हणून नावे फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के भरून छापली. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचीही सूचना आली होती. ती मी लगेच नाकारली, कारण भोवतालची शाई पसरून बारीक रेघ गिळून टाकते.

शीर्षकातला एक शब्द त्याच फॉन्टमध्ये सोनेरी फॉइलने दाबायचा होता. त्यासाठी मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, डाय (दाबण्याचा साचा) बनवणाऱ्याकडे पाठवला, आणि परत आलेल्या नमुन्यात प्रत्येक सांध्यात पांढरा ठिपका होता. या फॉन्टमध्ये जोडरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. अक्षर फॉन्ट म्हणून छापले जाते तेव्हा ते कळत नाही, पण कर्व्ह केल्यावर दोन आकृत्या एकमेकींवर येतात आणि काही प्रणाली त्यांचा सामाईक भाग पोकळ धरतात. सगळी अक्षरे वेल्ड करून एकच बाह्यरेषा केली आणि बारीक रेघांना किंचित जाडी दिली, तेव्हा डाय स्वच्छ उतरला.

वाचणाऱ्याची सोय

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो कॅपिटल ‘क्यू’वर. जुन्या राउंडहँडमध्ये हे अक्षर इंग्रजी दोनच्या आकड्यासारखे दिसते, आणि ज्याने ते वळण शाळेत गिरवलेले नाही तो ते दोनच वाचतो. एका विद्यार्थिनीचे नाव याच अक्षराने सुरू होत होते. परंपरेला धरून राहायचे, की तिच्या नावाची सुरुवात आकड्याने झाल्यासारखी दिसू द्यायची नाही, या प्रश्नात मला दुमत दिसले नाही. फॉन्टमध्ये ‘क्यू’चे दुसरे, गोल पोटाचे रूप होते, ते बसवले. ‘टी’ आणि ‘एफ’, ‘आय’ आणि ‘जे’ या जोड्याही अशाच फसव्या आहेत. तिथे लफ्फेदार रूपे सोडून साधी रूपे घेतली. शब्दाच्या शेवटी येणारे लांब लफ्फेही मी जवळजवळ सगळीकडे काढले. एखाद्या निमंत्रणपत्रिकेवर दोनच नावे असतात, तिथे शेवटचा लफ्फा शोभतो. प्रमाणपत्रावर मात्र त्याच्याखाली पदविकेचा तपशील असतो आणि लफ्फा त्यात शिरतो.

एवढे करूनही हे वळण न वाचता येणारे लोक असतात आणि त्यांत त्यांचा काही कमीपणा नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या तळाशी, नोंदणी क्रमांकाच्या ओळीत, प्रत्येक नाव साध्या उभ्या फॉन्टमध्ये ९ पॉइंटात पुन्हा छापले. पडताळणी करणारा कारकून ती ओळ वाचतो. वरचे नाव ज्याचे आहे त्याच्यासाठी आहे. विद्यार्थ्यांना पाठवायच्या पीडीएफमध्ये नावे कर्व्ह न करता फॉन्ट गुंफून मजकूर म्हणूनच ठेवली. कर्व्ह केलेले नाव शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर ते उच्चारू शकत नाही. संगीत शिकणाऱ्या या तुकडीत असे दोन विद्यार्थी होते.

याच संस्थेने पुढे सूचनापत्रे आणि प्रवेश अर्जही त्याच फॉन्टमध्ये करण्याविषयी विचारले. मी नकार दिला आणि तो त्यांना पटला. एखादे नाव, एखादे शीर्षक, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे दोन शब्द, एखाद्या व्यवसायाचे बोधचिन्ह एवढे हे अक्षर पेलते. परिच्छेद लावला की डोळा प्रत्येक शब्दाच्या वळणावर थांबतो आणि अर्थ मागे राहतो.

अंतिम प्रूफ त्या सुलेखनकारांनी पानापानाने पाहिले आणि तीन नावांवर पेन्सिलीने वर्तुळे केली. एका नावात दोन ‘टी’ लागोपाठ होते आणि त्यांच्या आडव्या रेघा वेगवेगळ्या पडल्या होत्या. दोन्हींवर एकच लांब रेघ असलेले लिगेचर फॉन्टमध्ये होते, ते बसवले. दुसऱ्या नावात एका अक्षराच्या पायाशी येणारे चिन्ह फॉन्टमध्ये नसल्यामुळे ते अक्षर गुपचूप दुसऱ्याच फॉन्टमधून आले होते आणि माझ्या नजरेतून सुटले होते. त्या पानाच्या छपाईच्या फाइलपुरते ते चिन्ह त्याच वळणात हाताने रेखाटून जोडले. तिसऱ्या नावात दोन ‘एल’ शेजारी होते, तंतोतंत एकसारखे. कुठल्याही हाताने सलग दोन ‘एल’ असे सारखे काढलेले नसतात, दुसरा नेहमी पहिल्याहून जरा बुटका किंवा जरा मोकळा येतो, असे त्यांनी मला लिहून दाखवले. लिहिताना त्यांचा हात कापत होता, तरी दुसरा ‘एल’ पहिल्यापेक्षा खरोखरच बुटका आला. फॉन्टमध्ये ‘एल’चे दुसरे रूप नव्हते. ते नाव तसेच छापले गेले, आणि वर्तुळ केलेला तो कागद, त्यांच्या हातच्या दोन ‘एल’सह, पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवला आहे.